एक ओळखीचा माणूस

एक! फक्त एक ओळखीचा माणूस आणा, म्हणतो! आणि कोणाला? मला! चौदा वर्षं राज्य केलं हो मी या कुआला तेमिन जिल्ह्यावर! तुम्ही कॉफी प्या, प्या... पण ऐका. तुमचं मलाया स्वतंत्र झालं, आमचा इंग्रजांचा झेंडा घडी करून माझ्या हातात दिलात, आणि मी चालता झालो ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिथं कोण विचारतो माजी जिल्हाधिकाऱ्याला? शेजारीण म्हणाली, "ते ठीक, पण तुम्हाला काम काय येतं?" सही येते, बाई! शेवटी एका लाकूड कंपनीनं ठेवून घेतलं. का, तर म्हणे 'यांची तिकडं ओळख आहे'. आंतरराष्ट्रीय व्यापार! परवा मालकानं बजावलं, "पेटिफर, जंगलाचा परवाना आणा, नाहीतर परत येऊच नका." पन्नाशी उलटल्यावर कुठं जाऊ, सांगा?

गेलो कचेरीत. खुर्चीत कोण? झैनुद्दीन, माझा कारकून! उठून उभा राहिला, चहा मागवला, अजूनही 'तुआन, तुआन' म्हणून मान देत होता... आणि हळूच अर्ज पुढं सरकवला. "परक्याला परवाना हवा तर इथला एक जामीन लागतो, तुआन. वागणूक चांगली आहे, असं लिहून देणारा." म्हटलं, "अरे, तू ओळखतोस की मला!" "सरकारी माणूस चालत नाही, तुआन. नियम तुमचाच आहे. खाली सही बघा." बघितली. काय ठसठशीत सही होती हो माझी!

म्हटलं, त्यात काय? चौदा वर्षं राज्य केलंय! गेलो कापडवाल्या लिमकडे. "ओळखतो तर! पाटी दोन बोटं रस्त्यात आली म्हणून उखडून नेलीत. चांगली वागणूक म्हणता? बायकोला विचारून सांगतो हं." त्याची बायको वारून सहा वर्षं झालीत!

मग गेलो माझ्या आचाऱ्याकडे. अकरा वर्षं जेवलो त्याच्या हातचं. बिचारा लगेच म्हणाला, "देतो की सही, तुआन. अर्जावर तेवढं माझं नाव घाला." मी लेखणी उघडली... आणि बसलो. आम्ही त्याला 'पोऱ्या'च म्हणायचो हो! पन्नाशीच्या माणसाला! तो बघतोय, मी बघतोय... घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि पळालो.

शेवटी भेटला म्हातारा मूसा. "ओळखतो म्हणजे? विनापरवाना झाड तोडलं म्हणून तीन महिने आत टाकलंत, रोज सकाळी बघायला यायचात. कुठाय कागद?" अंगठा उठवला! धावत गेलो कचेरीत. झैनुद्दीन म्हणतो, "शिक्षा भोगलेला जामीन चालत नाही, तुआन." "हा कुठला गाढवाचा नियम?" त्यानं पान उलटलं. खाली तीच ठसठशीत सही.

चौदा वर्षं राज्य केलं... जाऊ दे. तुम्ही इतका वेळ ऐकलंत, म्हणजे आपलीही ओळख झालीच की... अहो, उठता कुठं? बरं, सही नका देऊ. जाता जाता एवढं तरी सांगा, त्या माझ्या आचाऱ्याचं नाव काय हो?