पावण्याचं घोंगडं

सोमनाथ : माझ्या अपिलात तुमी एवढंच सांगायचं, साहेब. सोमनाथ चौकीवर पेट्या उतरवताना बर्फात पडला. दुसरं काय नगं.

सुभेदार : आणि तुझ्या दवाखान्याच्या कागदावर काय आहे? सुट्टीत, घरी, मेंढी उचलताना. म्हणूनच तुझी अपंग पेन्शन नाकारली ना?

सोमनाथ : ते मला बोलायला कुणी लावलं? तुमीच म्हणलात, अपघात वर कळवला तर तुमच्यावर चौकशी बसंल. रजा देतो, नारायणगावात दाखव, घरी लागलं म्हणून सांग.

सुभेदार : तुझ्या भल्यासाठी रजा दिली. तुझी आई पाया पडली होती माझ्या.

म्हाळसाबाई : पडले की. पोरगं जित्तं धाडलं म्हणून पडले. आजबी घोंगडं तुमच्यासाठीच काढलं, पावणं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं हाय. नीट टेकून बसा.

सुभेदार : बसलोय नीट, मावशी. चाकणला सिक्युरिटीत ओळख आहे माझी. लावतो त्याला.

सोमनाथ : चाकणला जाऊन आलो. दिवसभर उभं ऱ्हायचं, पाय बधिर व्हतो. गेटवरच पडलो, त्यांनी घरी धाडलं. मेंढरामागं जावं तर चढ चढवत न्हाई. माझी बायकू आशा लोकाच्या टमाट्यात खुडायला जाती, तवा चूल पेटती आमची.

सुभेदार : माझं नाव ऑनररी कॅप्टनच्या हुद्द्यासाठी वर गेलंय, सोमनाथ. आता हे उकरू नकोस.

सोमनाथ : साऱ्या कंपनीत सांगत व्हतो मी, सुभेदार साहेब आमच्या महाळुंग्याकडचं हायत, आपल्याला फसवायचं न्हाईत. मणका मोडला त्याचं दुखतंय, पर ह्ये लई दुखतंय, साहेब.

सुभेदार : तुला मी कधी परका मानलं नाही.

म्हाळसाबाई : सोमा, गप जरा. पावणं, मला अडाणीला येवढंच सांगा. आमच्यात घोंगड्यावर बसून खोटं बोलत न्हाईत. ती बिरोबाची बैठक. तुमी ह्याच भागातलं, तुमालाबी ठावं हाय. माझं पोरगं कुठं पडलं?

(सुभेदार घोंगड्यावरून उठून दाराशी जाऊन उभे राहतात.)

सुभेदार : घरीच पडला, मावशी. मेंढी उचलताना.

म्हाळसाबाई : बरं. चहा झालाय, उभ्यानं घेऊ नका. शेजारून खुर्ची आणते. सोमा, तू उठू नगं, तुला न्हाई उचलायची.