रेपु रा, म्हणजे उद्या ये

काय सांगू तुम्हाला, आमचं मूळ गाव देगलूरकडचं, पण मी जन्मले इथंच हैदराबादला. बाप सुलतान बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायचा, माय चार घरची धुणीभांडी करायची, आणि आम्ही बौद्ध लोक, शिकल्याबिगर सुटका नाई असं घरात उठताबसता ऐकायचो, म्हून मी दहावी झाले. घरात मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत तेलुगू. आता लोक विचारतात अम्मा तुमची भाषा कोणती, तर मी म्हणते जी समोरच्याला टोचंल ती. गावाकडं गेलं की म्हणतात हे हैदराबादी आले, आणि इथं म्हणतात हे महाराष्ट्रवाले. म्हणजे जिथं जावं तिथं आपण पाहुणेच. आदत झाली त्याची.

तर मी सिटी बसमदी कंडक्टर होते. दिलसुखनगरवरून आबिड्सकडं जाणारी गाडी, सकाळी कोचिंगची पोरं अशी लोंबकळायची की बस एका बाजूला झुकायची, आणि मी त्या गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडायची. सगळी नोकरी उभ्यानं झाली. पायाच्या शिरा बघा, ह्या निळ्या. पण एक सांगते, माझ्या बसमदी कोणी विचारलं ना, बस कवा निघणार, तर मी खरं सांगायची. टायर पंक्चर हाय, उतरा, दुसरी धरा. लोक शिव्या द्यायचे, देऊ दे, पण खोटं बोलून एका माणसाला बसवून ठेवलं नाई. म्हून हे जे झालं ना, त्याची मला शिसारी आली.

आमचे हे त्याच डेपोत ड्रायव्हर. लग्न झालं तवा लोक म्हणायचे, वा, नवरा चालवतो बायको तिकीट फाडते, घरची बस हाय. पण आमच्या डेपोत नवराबायकोला एका गाडीवर ड्यूटी देतच नव्हते. हे गेले की मी यायची, मी गेले की हे यायचे, डब्याची अदलाबदल फाटकावर. इतकी वर्षं ह्यांनी लोकांना शहरभर फिरवलं आणि मी एकदा बी ह्यांच्या शेजारी बसले नाई. रिटायर झाल्यावर हे म्हणले, एक गाडी घेऊ, आपली, तुला पुढं बसवून देगलूरला नेतो. त्यांची तेवढीच इच्छा होती, आणि माझी बी तीच, लाजायचं काय त्यात.

मग डोळ्याचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरीणबाई चांगली होती, स्पष्ट सांगितलं, बाबा, कडेचं दिसणं कमी कमी होत जाणार, औषधानं थांबवू तेवढं थांबवू, गेलेलं परत येत नाई. दिवसा, मोकळ्या रस्त्यानं, थोडी चालवा अजून, पण जास्त दिवस धरून चालू नका. घरी आल्यावर हे म्हणले, मग लौकर घेऊ. हे कधी लौकर म्हणणारे माणूस नाईत हो. जेवायला सुद्धा लौकर म्हणत नाईत.

आमची लेक प्रज्ञा बँकेत हाय. तिला मराठी बोलता येतं, वाचायला बसली की अक्षरं मोजती. ती म्हणली पप्पा, पेट्रोलची नक्को, इलेक्ट्रिकची घेऊ, सेकंडहँड पण सर्टिफाइड, सगळी तपासलेली असते, क्लच नाई, गिअर नाई, तुम्हाला सोपं. नागोलच्या पुढं एक मोठं काचेचं दुकान हाय, तिथं गेलो. त्या दिवशी सकाळीच ह्यांच्या डोळ्यात औषध घातलेलं, धुरकट दिसायचं, म्हून प्रज्ञानं चालवून बघितली आणि हे मागं बसले. गाडी पांढरी, चकचकीत. टायवाला एक सेल्समन सारखा बोलायला होता, अंकल आवाज बिलकुल नाई, एसी हॉलमदी बसल्यासारखं, अंकल मक्खन हाय मक्खन. हे नुसते हौ हौ म्हणले. मी विचारलं सर्टिफाइड म्हणजे कोण सर्टिफाय करतं. तो म्हणला आम्हीच, अम्मा. म्हणजे स्वतःच परीक्षा द्यायची, स्वतःच मार्क टाकायचे. मी प्रज्ञाला चिमटा काढला, ती म्हणली मम्मी, तू प्रत्येकावर कायकू शक करती.

पैसे भरले. गाडी कवा, तर म्हणला परसों. आता हैदराबादच्या माणसाचं परसों तुम्हाला माहीत नसंल. इथं परसों म्हणजे मागचा आठवडा बी असतो आणि मागचं वर्ष बी. पण हा तर पुढचं सांगायला होता, मी म्हणलं पुढचं तरी सरळ असंल. परसों आला, गेला. फोन केला तर बॅटरीची तपासणी चालू हाय. मी म्हणलं अरे, मग सर्टिफाइड केलं ते काय बघून केलं, तर म्हणला अम्मा, ते आधीचं, हे डिलिव्हरीचं. परत फोन केला तर पॉलिश चालू. परत केला तर मॅनेजर मीटिंगमदी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

इकडं हे काय करायचे, रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे. चुकून कोणी पांढरी गाडी गल्लीत वळली की उठून उभे राहायचे. मला ते बघवायचं नाई. मी आतून म्हणायची बसा हो, ती नाई आपली, आणि हे म्हणायचे, पांढरी होती ना? आधी म्हणायचे पांढरी होती. मग हळूहळू विचाराय लागले, कोणती होती. फरक तुमच्या ध्यानात आला का? माझ्या आला. चहाचा कप ठेवला की आधी हात टेबलावर फिरवायचे, मग कप. आणि तिकडं तो टायवाला म्हणतो, अम्मा, रेपु पक्का. रेपु म्हणजे तेलुगूत उद्या.

एक दिवस मी सरळ बस धरली आणि त्या काचेच्या दुकानात गेले. मॅनेजर म्हणली, मॅडम, गाडीचा नंबर महाराष्ट्राचा हाय, तिकडच्या ऑफिसनं हरकत नाई म्हणून कागद द्यायला पाहिजे, तवा इथला नंबर मिळणार. कुठला नंबर, तर नांदेडचा, आमच्या देगलूरच्याच जिल्ह्याचा! मला हसावं का रडावं कळंना. म्हणलं बाई गं, म्हणजे ही गाडी बी आमच्यासारखीच निघाली, इथं नक्को, तिथं नक्को. पण हे पहिल्या दिवशी का नाई सांगितलं? तर म्हणती, सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती. असं तोंडावर! आणि वरून हसून पाण्याची बाटली पुढं केली. मला त्या पाण्याची किळस आली, खरं सांगते.

मी म्हणलं ऐका, मी लहान होते तवा आमच्या बस्तीत एक हूल उठली होती, रात्री एक बाई भूत होऊन दार वाजवती, म्हून लोकांनी दारादारावर कोळशानं लिहिलं होतं, रेपु रा, म्हणजे उद्या ये. भूत रोज यायचं, वाचायचं आणि माघारी जायचं. तुम्ही मला ते भूत समजले का? मी वाचून माघारी जाणारी नाई, माझ्या नवऱ्याचे डोळे चाललेत. तो टायवाला खाली बघाय लागला. मॅनेजर म्हणली, सॉरी मॅडम, आणि त्यांच्या सॉरीची बी मला किळसच आली, कारण ते सॉरी सुद्धा पाठ केलेलं होतं, शेवटी डोळे मिटायचे, मान वाकडी करायची, सगळं शिकवलेलं.

कितीक महिन्यांनी शेवटी आली म्हणा गाडी. वरातीमागून घोडं. आणि नुसती द्यायची नाई, सोहळा! गाडीवर लाल साटीनचं कापड, त्यावर फुगे, थर्माकोलची ही एवढी मोठी किल्ली, केक, आणि फोटो काढणारा. ह्यांना म्हणले अंकल, कापड ओढा, इकडं बघा, हसा. फ्लॅश असा मारला डोळ्यावर, हे बिचारे हात पुढं करून चाचपायलेत आणि ते लोक टाळ्या वाजवायलेत. चाकाखाली लिंबं ठेवली होती. मी म्हणलं आमच्यात हे चालत नाई, काढा. तर म्हणला, अम्मा, फॉर्मॅलिटी हाय. प्रज्ञानं वाकून स्वतः उचलली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. माझी पोरगी पहिल्यांदा त्या दुकानात मला आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, हे म्हणले चल. आमच्या मागं नवीन प्लॉट पडलेत, तिथं रस्ता सरळ, माणूस ना काणूस. प्रज्ञानं गाडी तिथवर नेली आणि उतरून बाजूला उभी राहिली. हे पुढं बसले, मी शेजारी. नवी साडी नेसले होते मी, हसू नका. ह्यांनी सीट मागं-पुढं केली, आरशाला हात लावला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या वेळी ते असे दिसले ना, डेपोत पहिल्यांदा बघितले होते तसेच. मग बसून राहिले. बराच वेळ. काच खाली करून म्हणले, प्रज्ञा, चालू कर ना. ती म्हणली पप्पा, चालूच हाय की, समोर लिहिलंय बघा. ते लिहिलेलं ह्यांना दिसत नव्हतं. ह्यांनी पाय दाबला आणि गाडी सुळकन पुढं गेली, आवाज नाई, थरथर नाई, काई नाई, ह्यांनी दचकून ब्रेक मारला, माझं डोकं जाऊन काचेला टेकलं.

लागलं का, म्हणले. मी म्हणलं नाई, चला पुढं. तर म्हणले, नाई गं. मला वाटलं होतं डोळे गेले तरी कान हायत. बसचं इंजिन पायाला सांगायचं, किती पळायली, कवा थांबायचं, मी निम्मी नोकरी कानानंच केली. ही काही बोलतच नाई. ही उभी हाय का पळायली हेच मला कळत नाई. असं म्हणून किल्ली माझ्या मांडीवर ठेवली, उतरले, गाडीला हात लावत लावत मागं गेले, आणि दार उघडून मागच्या सीटवर बसले. मी पुढं एकटी. शेजारची सीट रिकामी. तवा रडले मी, आणि शिव्या बी दिल्या, त्या टायवाल्याला, त्या मॅनेजरला, दोन्ही सरकारांच्या ऑफिसांना, कोणाला ठेवलं नाई.

मी म्हणते वेळेवर आली असती तर दोन-चार महिने तरी चालवली असती. हे म्हणतात, आधी आली असती तरी हिचा आवाज तेवढाच. खरं काय ते आता कोणाला विचारायचं? दुकानातून मात्र अजून मेसेज येतो, तुमचा आनंद आम्हाला कळवा, पाच चांदण्या द्या. थू. मी पुसून टाकते.

आता प्रज्ञा चालवती. देगलूरला बी जाऊन आलो. गाडी चांगली हाय, नाई म्हणणार नाई, तिचा काय गुन्हा. हे हट्टानं पुढं मला बसवतात आणि स्वतः मागं, माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवून. सगळ्यांचं भलं होवो, लबाडांचं बी होवो, मला आता भांडायचा बी वीट आलाय. फक्त दारं लागली की हे दर वेळी मागून विचारतात, निघाली का? आणि मी काचेतून बाहेर बघून सांगते, हौ, निघाली.