यांचं नाव फलकावर

हसाल तुम्ही, पण सांगतेच. आमच्या औंढ्याच्या देवळात जुन्या कबड्डीपटूंच्या नावांचा फलक लागणार होता. ह्यांनी बावीस वर्षं गावासाठी डावा कोपरा राखला, दोन्ही गुडघे त्यातच गेले. तरी यादीत ह्यांचं नाव नव्हतं. मग मी सोळा सोमवार धरले. शेवटचा सोमवार पार पडला आणि त्याच आठवड्यात देवळात बैठक बसली.

"आजून कुणाचं नाव सुचवायचंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

मी उठले. "यांचं."

"यांचं म्हंजी कुणाचं, वैनी? मला लिवायचंय."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय नाव कधी घेतलं नव्हतं, आणि तेव्हा एकही उखाणा आठवेना. सगळे हसायला लागले. शेवटी पिंडीकडे बघून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "सोपान!"

मागच्या रांगेतून हे दचकून उभे राहिले. "ओ!"

हशा ओसरल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, "भाऊ लय खेळले, वैनी, कोण न्हाई म्हनतंय? पन जिल्ह्याच्या संघात कुटं हुते?"

नाव काही लागलं नाही. मी पुन्हा सोमवार धरलेत. महादेव ऐकेल कधीतरी.

त्या दिवशी घरी येताना मी डोळे पुसत होते. हे मात्र लंगडत, गालात हसत चाललेले.

"वाईट न्हाई वाटत तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटतंय की," हे म्हणाले. "आजून एकदा नाव घे, मंग न्हाई वाटनार."