दत्तक गल्ली

(लॉन्ड्रीची मागची खोली. सासू ओल्या चादरी पिळते आहे, लेक इस्त्री करते आहे. जावई दारातच उभा, गळ्यात औष्णिक वीज कंपनीचं ओळखपत्र.)

सासू : दत्तक? मघाशी दत्तकच म्हणालात ना? की माझे कान गेले?

जावई : शब्दावर जाऊ नका, आई. कंपनीची भाषा असते ती. अर्थ एवढाच, की तुमच्या वीज सोसायटीची सगळी सोलर पॅनेल्स यापुढे कंपनी सांभाळणार. नव्या बॅटऱ्या, नवा इन्व्हर्टर, देखभालीला आमचा माणूस.

सासू : आणि पॅनेलवर नाव कुणाचं?

जावई : एक छोटासा बोर्ड असेल.

सासू : केवढा छोटा?

लेक : छपराएवढा, आई. मी चित्र पाहिलंय त्याच्या लॅपटॉपवर. आपलं छप्पर वरच्या रस्त्यावरून दिसतं ना, म्हणून.

सासू : वा! आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. हा नागोबा बिळावर स्वतःची पाटीही लावतो.

जावई : तुम्ही नुसती चेष्टाच करणार असाल तर...

सासू : चेष्टा? जावईबापू, चेष्टा बरोबरीच्या माणसाची करतात.

जावई : आई, ही पॅनेल्स मी बसवलीत. या हातांनी. गल्लीतल्या बायकांना वायर कशी सोलायची ते मी शिकवलंय. ते तरी विसरू नका.

सासू : तेच विसरता येत नाही म्हणून तर जीव जळतो. दुसरा कुणी कंपनीचा माणूस आला असता, तर चहा पाजून वाटेला लावला असता. तुम्ही वायरमन होतात तेव्हा जेवायलासुद्धा छपरावरून खाली यायचा नाहीत. म्हणायचात, "त्या धुराड्याची वीज नको आपल्याला, आपण आपली करू." मला वाटलं, पोरगा कफल्लक आहे, पण पाठीला कणा आहे. म्हणून हिनं तुमचं नाव काढलं तेव्हा मी हो म्हटलं. तो कणा काढून ठेवला कधी? नोकरीच्या पहिल्या दिवशी गेटवर जमा करून घेतात का?

लेक : गेटवर फक्त मोबाईल जमा करतात, आई.

जावई : तू पण?

लेक : मी काय, मी इस्त्री करतेय.

जावई : बाहेर उभं राहून घोषणा कुणीही देईल. आत शिरलं, टेबलाशी बसलं, की बोलता येतं. मी त्यासाठी गेलो आत.

सासू : मग काय बोललात टेबलाशी? "बिस्किटं जरा इकडे सरकवा"?

जावई : राख अडवणारं नवं यंत्र बसलं धुराड्याला, ते कुणामुळे?

सासू : बसलं ना. पाहुणे आले की चालू, पाहुणे गेले की बंद. सकाळी येऊन माझी दोरी बघा. दवाखान्याच्या चादरी मी पांढऱ्या वाळत घालते आणि करड्या उचलते. परत धुते, परत पिळते. बायका उठल्या उठल्या छपरावर चढून पॅनेलं पुसतात, तेव्हा कुठे हिची इस्त्री तापते. तुमची राख पुसून आम्ही उजेड करायचा, आणि त्या उजेडाला नाव तुम्ही द्यायचं!

लेक : कंपनीच्या पुस्तिकेत फोटोही येणार आहे. पॅनेलं पुसणाऱ्या बायकांचा. हसताना.

सासू : राख कुठून आली, तेही छापणार का खाली?

जावई : आई, घरात येऊन असं घालूनपाडून बोलणं ऐकून घ्यायची मला हौस नाही. तुमचा फायदा दिसला म्हणून आलो.

सासू : फायदा माझा कळला. बदल्यात काय ते सांगा. तुमची कंपनी फुकट जांभईसुद्धा देत नाही.

जावई : बदल्यात काही नाही. फक्त उद्याच्या जनसुनावणीत राखेच्या तळ्याचा विषय नको. धूर, पाणी, नोकऱ्या, काय हवं ते बोला. तळं तेवढं सोडा.

सासू : तळं तेवढं सोडा! गल्लीच्या डोक्यावर राखेचं तळं, त्याचा बांध आणखी उंच करून त्यात आणखी राख भरायची म्हणताय, उद्याची सुनावणी आहे त्याचसाठी, आणि आम्ही तिथे जाऊन काय हवापाण्याच्या गप्पा मारायच्या?

जावई : त्याचं काम मोठमोठ्या तज्ज्ञांनी पाहिलंय. बांध सुरक्षित आहे. शंभर टक्के.

लेक : शंभर टक्के?

जावई : हो.

लेक : मग पाऊस आला की मला इथे राहू का देत नाहीस?

जावई : हे काय मधेच?

लेक : गेल्या पावसाळ्यापासून बघतेय. आईला ताप होता, तरी तू भिजत न्यायला आलास. ढग दिसले की तुझा फोन, "निघालीस का?" मला वाटायचं, रस्ता निसरडा होतो म्हणून काळजी करतोय. इथल्या बायकांना कौतुकानं सांगायचे मी.

जावई : रस्ता निसरडा होतोच.

लेक : माझ्याकडे बघून सांग.

जावई : इस्त्री उचल आधी, कापड जळेल.

लेक : जळू दे. सांग.

सासू : थांब गं. जावईबापू, बांधाला काय झालंय?

जावई : काही झालेलं नाही. थोडी ओल आहे पायथ्याला. गल्लीच्या बाजूनं. सगळ्याच बांधांना असते.

सासू : ओल म्हणजे पाझरतोय.

जावई : पाहणी चालू आहे. अहवाल वर गेलाय.

सासू : यांचं सगळं वरच जातं. राख तेवढी खाली येते.

जावई : दुरुस्ती धरलीय ना! बांध उंच करायचं काम निघालं की त्यातच पायथाही पक्का होईल. मधेच बोभाटा झाला, तर दोन्ही कामं अडतील. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.

लेक : म्हणजे तुला माहीत होतं. तू मला तेवढी उचलून न्यायचास, आणि आईला इथे ठेवून यायचास.

जावई : त्यांनाही म्हटलं होतं मी! आमच्याकडे चला, क्वार्टरवर राहा. म्हटलं होतं की नाही, आई?

सासू : म्हटलं होतंत. "हवापालट होईल" म्हणालात. मला वाटलं, जावई मायेनं बोलतोय, म्हणून दोन दिवस बरं वाटत होतं मला. आणि पलीकडची बाळंतीण? कोपऱ्यावरचा घड्याळजी, ज्याला धड चालता येत नाही? त्यांच्या हवापालटाचं काय ठरवलं होतंत?

जावई : माझ्या हातात काय होतं? मी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत दुसरा बसला असता.

सासू : मग बसू द्यायचा होता! तो निदान परका असता. त्याच्यावर थुंकताना मला लेकीचा चेहरा तरी आडवा आला नसता.

लेक : मी आजपासून इथेच राहणार.

जावई : काय?

लेक : बांध नीट होईपर्यंत.

जावई : बाहेर आभाळ बघितलंस का कसं भरलंय ते?

लेक : बघितलं. म्हणूनच.

सासू : काही नको. तू जा.

लेक : आई?

सासू : जा म्हटलं ना. पर्स उचल आणि याच्याबरोबर वर क्वार्टरवर जा, पाऊस लागायच्या आत.

लेक : आणि तू?

सासू : माझं काय, मी पिकलं पान. तू कशाला मरतेस इथे?

जावई : बघितलंत? आई, बघितलंत? हेच केलं मी. एवढंच केलं. आपलं माणूस तेवढं उचललं. माझ्यावर थुंकायला निघालात, आणि तुमच्या तोंडून पहिलं काय निघालं?

सासू : (पिळलेली चादर पुन्हा पिळायला घेते.)

जावई : बोला की आता! मघापासून तोंडाचा पट्टा चालू होता.

लेक : खूष झालास? आई एक पायरी खाली आली, म्हणून तू वर चढलास असं वाटतंय का तुला?

जावई : मी फक्त म्हणतोय की...

लेक : तिला आत्ता कळलं. कळल्या कळल्या घाबरून एक वाक्य बोलली. तुला कळून वर्ष झालं. आणि वर्षभर तू झोपतोस, अगदी घोरतोस. मी शेजारीच असते, मला विचार.

सासू : बास कर, पोरी.

लेक : बास नाही. तूही ऐक. तू जा म्हणालीस म्हणून मी जाणार नाही, आणि हा चल म्हणाला म्हणून तर मुळीच नाही. मला वाचवायचं असेल तर अख्खी गल्ली वाचवा. मला एकटीला वेगळी काढता येणार नाही.

जावई : माझी नोकरी जाईल. राहतं घर कंपनीचं आहे, ते जाईल.

लेक : मग इथे ये राहायला. थोडी ओल आहे म्हणतात, पण सगळीकडेच असते.

सासू : ही जीभ माझीच. आज पहिल्यांदा तिचा अभिमान वाटला. एरवी शेजाऱ्यापाजाऱ्यांची माफी मागत फिरावं लागतं.

जावई : उद्या सुनावणीत मी सगळं ओकून टाकणार, असं धरून चाललीयस का तू?

लेक : मी तुझ्या बाबतीत आता काहीच धरून चालत नाही. मी आईला चादरी आवरायला मदत करतेय.

सासू : सुनावणी गेली खड्ड्यात. उद्याचं उद्या. आज पाऊस आला तर? शाळा चढावर आहे आणि सुट्टी लागलीय. बाळंतिणीला आणि घड्याळजीला आधी तिकडे हलवू. चादरी माझ्याकडे ढीगभर आहेत, करड्या तर करड्या. दवाखान्याला सांगीन मी काय ते.

लेक : शाळेला कुलूप असेल.

जावई : किल्ली शिपायाकडे असते. ओळखतो तो मला.

सासू : चला, कुणालातरी उपयोग झाला तुमच्या ओळखीचा.

जावई : मी फोन करतो त्याला. येतो म्हणाला तर... आणि मग मी काय करू, आई?

सासू : शेवटच्या घरापासून सुरू करा. ते अगदी बांधाला टेकलेलं. दार वाजवा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा.

जावई : काय सांगू?

सासू : मला काय विचारता? वर्षभर पाठ आहे की तुम्हाला.