पोपटीवर आळ

मंडळी, रघूसाठी एवढे जण देवळापुढं जमलात, बरं वाटलं. मी त्याची थोरली बहीण, पेणला दिलेली. धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायचं म्हणजे जीभ उचलत नाय. पण आज गप्प बसले तर आणखी एका माणसाचा जीव जाईल, म्हणून उभी राहिले.

रघू कशानं गेला? तुम्ही म्हणता, पोपटीनं. शेतात महादूनं पोपटीचं मडकं जाळात लावलं. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, सगळं नेहमीचंच. महादू वाडीवरचा, रघूच्या शेतावर जन्मभर राबलेला. सकाळी रघूच्या पोटात कळ उठली, आणि तुमची कुजबुज सुरू झाली. मडक्यात काय घातलं कोण जाणे. व्हय, ऐकलंय मी. महादूला आता कोणी कामाला बोलवायचं नाय, असंही ठरलंय म्हणे.

अरे, संशयी तर मीही हाय. रघूच म्हणायचा, आक्का देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघते. पण संशय घ्यायचा तर नीट घ्या की. त्याच मडक्यातलं तुम्ही खाल्लंत. महादूच्या पोरांनी खाल्लं. कोणाला काय झालं?

मला संशय आला तो वेगळाच. मी रोह्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा रघू गुडघे पोटाशी घेऊन लोळत होता. तिथल्या डॉक्टरनं काही विचारायच्या आत आपल्याच माणसांनी सांगून टाकलं होतं, पोपटी बाधली. डॉक्टरनं पोट दाबलं, मऊ लागलं, गॅसचं इंजेक्शन दिलं. झालं. पोट मऊ, मग माणूस एवढा तळमळतो कशाला? हे कोणालाच कसं खटकलं नाय? मी भांडले, गाडी केली, पेणला नेला.

पेणच्या सर्जननं आधी नाडी धरली. ठोके वेडेवाकडे. गोळ्या कोणत्या, म्हणाला. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी होती, ती रघूनं आपल्या मनानं सोडलेली. विळा लागला की रक्त थांबत नाय म्हणायचा. मग शिरेत औषध सोडून स्कॅन केला. आतड्याला रक्त नेणारी नस गुठळीनं बंद झाली होती.

मी तोंडावर विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, खाण्यातून झालं का?"

"नाही, आजी. गुठळी हृदयातून आली. यात सुरुवातीला पोट मऊच लागतं, तिथंच सगळे फसतात. लवकर यायला हवं होतं."

तोवर आतडं काळं पडलं होतं. माझा रघू गेला.

म्हणून सांगते, कळ भयंकर आणि पोट मऊ, तर घरच्या घरी निदान करू नका. डॉक्टरला रोग सांगू नका, त्रास सांगा. आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

आता रघूसाठी दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं हाय. पण महादू अजून मांडवाबाहेर उन्हात उभा हाय. त्याला कोणी बस म्हटलं नाय. त्याला आत घ्या, माझ्या शेजारी जागा करा. तो आल्याशिवाय मी डोळे मिटणार नाय.