उसनी दिलेली आई

ताई : ...आणि आज सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचाही फोन आला. दुसऱ्या आवृत्तीत तेच पान बदलून हवंय म्हणे. तीन आठवड्यांत हे तिसरं गिऱ्हाईक! बत्तीस लोकांची आत्मचरित्रं लिहिलीस, आजवर एका स्वल्पविरामाची तक्रार नाही. आणि आता तिघांना एकच पान खुपतंय?

लेखक : कोणतं पान, ते विचारलंस?

ताई : आईचं. बसस्थानकाच्या बाकावर बसवून आई म्हणते, शंभर अंक मोज, तोवर मी आलेच. तिघांच्याही पुस्तकांत अगदी... अरे, असा पांढराफटक का पडलास?

लेखक : ताई, रागावू नकोस.

ताई : म्हणजे रागावण्यासारखं आहे.

लेखक : या तिघांनाही आई आठवत नव्हती. मुख्याध्यापिका अनाथाश्रमात वाढल्या, डॉक्टरीणबाईंची आई बाळंतपणात गेली, कुलपांच्या कारखान्याचे मालक मावशीच्या घरी लहानाचे मोठे झाले. आईवाचून पुस्तक ओकंबोकं वाटतं, तुम्हीच काहीतरी घाला, असं प्रत्येकानं वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. माझ्यापाशी एकच आठवण होती. ती दिली.

ताई : आपली आई? शेजारणीला वाटीभर साखर द्यावी, तशी?

लेखक : शेवट बदलून दिली. पुस्तकात ऐंशी अंक होतात आणि ती परत येते. मला वाटलं, माझ्याकडे नाही आली; निदान कुणाकडे तरी यावी.

ताई : तुझं आपलं काहीतरीच. सहा वर्षांच्या लेकराला बाकावर टाकून गेलेली बाई ती. पंचवीस वर्षं मी तिचं नाव काढलं नाही, आणि तू तिला छापत सुटलास!

(दारावर टकटक होते. कुलपांच्या कारखान्याचे मालक, अडुसष्ट वर्षांचे, स्वतःचं आत्मचरित्र काखेत धरून आत येतात.)

कारखानदार : फोन न करता आलो, माफ करा. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. लेखकमहाशय, पान सत्तेचाळीस. तिथं चूक आहे.

लेखक : बसा ना. काय बदलायचं?

कारखानदार : ती ऐंशीला आली नाही.

ताई : साहेब, तो प्रसंग ह्यानं रचलाय. तुम्हाला आई आठवत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

कारखानदार : नव्हतीच आठवत. सुरुवातीला हे पान मी नुसतं वाचायचो. नातवंडांना वाचून दाखवायचो. मग एक दिवस वाचता वाचता मांडीला बाकाचा गारवा लागला. लोखंडी पट्ट्यांचा बाक. तुम्ही लाकडी लिहिलाय.

लेखक : लोखंडीच होता. मी बदलला होता.

कारखानदार : शालही तुम्हीच पांघरवलीत तिला. शाल नव्हती. पुरुषी कोट होता अंगात, बाह्या दुमडलेला. डावा खिसा उसवला होता, तो निळ्या दोऱ्यानं टाचलेला. वेडेवाकडे टाके.

लेखक : कोट? मला कोट आठवत नाही. ताई, तुला... ताई?

ताई : ते टाके माझे आहेत. घरातला काळा दोरा संपला होता. अकरा वर्षांची होते मी. बाबांचा कोट. साहेब, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे असाल!

कारखानदार : ते गणित मलाही येतं, बाई. पन्नास वर्षं कुलपं केली. कोणती किल्ली कुठल्या कुलपाची, यात माझी कधी गफलत झाली नाही. ही किल्ली माझी नाही, हे कळतंय मला. पण लागते. काय करू?

लेखक : पुढचं सांगा. मी शंभरपर्यंत मोजलं, ती आली नाही. एवढंच आहे माझ्याकडे.

कारखानदार : नाही मोजलं. चाळीसनंतर कंटाळा आला. वजनाचं मोठं यंत्र होतं तिथं, लाल दिव्यांचं. गंमत करायची म्हणून त्यामागं लपलो.

लेखक : आणि?

कारखानदार : ती आली. बिस्किटांचा पुडा होता हातात. रिकामा बाक बघून पुडा खाली पडला. हमालाला विचारलं, त्यानं सुटणाऱ्या बसकडे बोट दाखवलं. कुणाचं तरी एक पोर नुकतंच चढलं होतं, तेवढ्यावर. ती धावली. बसच्या पत्र्यावर हात आपटून तिनं गाडी थांबवली, चढली. बस गेली. मी यंत्रामागं तोंडावर हात धरून हसत होतो. वाटलं, पुढच्या थांब्यावरून येईलच परत.

ताई : कुठली बस? साहेब, आठवून सांगा. कुठली बस?

कारखानदार : पाटी वाचता येत नव्हती तेव्हा. पण कंडक्टर ओरडत होता, धरण, धरण.

ताई : अगं आई गं...

लेखक : काय झालं?

ताई : त्या दिवशी धरणाच्या वळणावरून एक बस पाण्यात गेली होती. नऊ जणांची ओळख पटलीच नाही. बाबांनी ती बातमी वाचली आणि पेपरची घडी घातली. म्हणाले, तिचं त्या बाजूला काय काम? कुणी चौकशीलासुद्धा गेलं नाही रे. मी... मी तिला पंचवीस वर्षं शिव्या घातल्या.

लेखक : म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती. मला शोधायला गेली होती.

कारखानदार : मला.

लेखक : काय म्हणालात?

कारखानदार : तुमच्याच करारात आहे. पुस्तकातला प्रत्येक प्रसंग ग्राहकाचा. लेखक त्यावर कधीही हक्क सांगणार नाही. तेव्हा सही करताना मी हसलो होतो. आता तुमची आई ओढून घ्यायला आलेलो नाही मी, गैरसमज नको. पण लपलो मी होतो. हसलो मी. कारखान्यात चाळीस माणसांसमोर मधेच रडू फुटतं मला, आणि कुणाला कारण सांगता येत नाही. म्हणून ते पान बदला. ती आली होती, एवढं तरी छापून येऊ द्या.

ताई : साहेब, तो लेक आहे तिचा. निदान एवढं तरी ह्याच्याकडे राहू द्या.

लेखक : थांब, ताई. साहेब, एकच विचारतो. जाताना ती काही बोलली?

कारखानदार : खिडकीतून हाक मारली. दोनदा.

लेखक : कोणत्या नावानं?

कारखानदार : ते विचारू नका.

लेखक : सांगा.

कारखानदार : माझ्या. मावशी मला ज्या नावानं हाक मारायची, त्या. ते नाव पुस्तकात नाही. तुम्हाला मी ते कधी सांगितलेलं नाही.

ताई : खोटं आहे हे! साहेब, खोटं आहे म्हणा. तुमच्या पाया पडते.

कारखानदार : म्हणतो हवं तर. त्यानं बरं वाटेल का ह्यांना?

लेखक : नको. बसा तुम्ही. ताई, जरा ती खिडकी लाव, बाहेरचा आवाज येतोय. हं. तिचा आवाज कसा होता, साहेब? सावकाश सांगा. मी लिहून घेतो.