परवाचा डबा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिचा नवरा आत होता. त्याच्याबरोबर घरसामान हलवायचं काम करणारा जोडीदार आमच्यासमोर येरझाऱ्या घालत होता.

"भाऊजी, बसा हो. तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय."

"परवा दुपारी जिन्यात कपाट सटकलं वहिनी, त्याची कड थेट त्याच्या पोटात बसली. वरून ना जखम, ना रक्त. काही नाही झालं म्हणाला आणि लागला परत उचलायला."

"आणि आज पोट फुगलं, डोळे पिवळे. आत पित्ताशय फुटलंय म्हणतात."

"डॉक्टरांनी जेवणाचं कशाला विचारलं?"

"उपाशी माणसाचं पित्ताशय भरलेलं असतं म्हणे, मार बसला की लवकर फुटतं. मी म्हटलं, उपाशी कसले? डबा चाटूनपुसून घरी आला. भाजीत मीठ दुप्पट पडलं होतं, तरी म्हणाले, झकास झाली होती. का थांबलात भाऊजी?"

"वहिनी, माझी बायको माहेरी गेल्यापासून त्याचा डबा मी खातोय. भूक नाही म्हणतो आणि माझ्यापुढे सरकवतो."

"परवाचाही?"

"परवाचाही."

"खारट होती ना?"

"होती. त्याला सांगितलं नाही मी."